ॲब्लेशननंतर रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची का? ठरवायचं कसं

हृदयाच्या ठोक्यांसाठी ॲब्लेशन (शिरेतून नळी नेऊन हृदयातली ठोके बिघडवणारी जागा निकामी करण्याचा उपचार) करून आलेल्या माणसाला काही महिन्यांनी एक प्रश्न हमखास पडतो. धडधड थांबली, घाटी चढताना दम लागत नाही, ईसीजी सरळ येतो. मग ही रोजची रक्त पातळ करणारी गोळी कशाला? सिंधुदुर्गात औषधाच्या दुकानात बसून मी तो नेहमी ऐकतो. "माका आता बरा वाटता, मगे ही गोळी कित्याक खावची?" प्रश्न रास्त आहे. गोळीला पैसे पडतात, दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, अंगावर कुठे आपटल्याचं आठवत नसताना काळेनिळे डाग दिसतात. शिवाय २०२५ साली आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी काही जणांची गोळी थांबवता येते असं दाखवलंही आहे. पण ते काही जण कोण, हे बरं वाटण्यावरून ठरत नाही.

मी डॉक्टर नव्हे, औषधं देणारा माणूस. गोळी थांबवणं हा तुमचा आणि तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाचा निर्णय. पण मुंबईला, कोल्हापूरला किंवा गोव्याला जाऊन जी थोडा वेळ भेट मिळते, तीत काय दाखवायचं आणि काय विचारायचं हे ठरवून गेलं तर ती सत्कारणी लागते. हा लेख त्या तयारीसाठी आहे. तो वाचून उद्यापासून गोळी बंद करायची नाही, हे आधीच सांगतो.

आधी फाइल काढा

आपल्याकडे "रक्त पातळ होण्याची गोळी" म्हणजे काहीही असू शकतं. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाहीत. स्टेंट बसलेल्या, हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाला त्या देतात. ॲसिट्रॉम, वॉरफेरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबान, ॲपिक्साबान ही वेगळी जात; यांतल्या पहिल्या दोन जुन्या, बाकीच्या तीन नव्या. ती रक्त गोठण्याच्या साखळीवरच काम करते. ठोक्यांच्या आजारात गुठळी होऊ नये म्हणून देतात ती ही दुसरी. या लेखात मी गोळी म्हणेन तेव्हा हीच समजा. ब्रँडच्या नावावर जाऊ नका. देशी कंपन्यांची शेकडो नावं आहेत. स्ट्रिपवर ब्रँडखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं ते वाचा.

एकाच माणसाला दोन्ही जातींच्या गोळ्या चालू असणं काही नवल नाही. अशा वेळी "रक्त पातळ करणारी बंद करा" एवढंच फोनवर ऐकून चुकीची स्ट्रिप बाजूला टाकली जाण्याचा धोका असतो, आणि नुकता स्टेंट बसलेला असेल तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून नाव लिहून घ्या.

आता डिस्चार्ज कार्ड. ॲब्लेशन कशाचं झालं? ठोक्यांचे आजार अनेक आहेत आणि सगळ्यांच्या उपचाराला लोक एकच शब्द वापरतात. पीएसव्हीटी किंवा एव्हीएनआरटी असं लिहिलं असेल तर हृदयातल्या जादा वाटेमुळे अचानक सुटणारी धडधड होती; ती वाट जाळली की काम संपतं, आणि दुसरं कारण नसेल तर ही गोळी दीर्घकाळ लागतच नाही. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ (हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतो आणि ठोके आडवेतिडवे पडतात), लिहिलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी. एट्रियल फ्लटर असेल तरी गुठळीच्या बाबतीत त्याला एएफसारखंच धरतात.

गोळी कशासाठी सुरू झाली तेही पाहा. पायाच्या शिरेत गुठळी झाली होती, कृत्रिम झडप बसवली आहे, हृदयाच्या खालच्या कप्प्यात गुठळी दिसली होती, अशी कारणं असतील तर ठोका सुधारल्याचा आणि गोळीचा संबंध उरत नाही.

ज्यांनी इथेच थांबावं

लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन झडप आखडलेली, म्हणजे मायट्रल स्टेनोसिस मध्यम किंवा तीव्र असलेली माणसं आपल्याकडे अजून बरीच आहेत. त्यांच्यात पक्षाघाताच्या जोखमीचे गुण (ते पुढे येतात) मोजत बसायचं नसतं. गोळी चालूच राहते, आणि तीही ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिनच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस या अभ्यासात (त्यात भारतातले रुग्णही होते) अशा रुग्णांमध्ये जुनी गोळी नव्या रिव्हारॉक्साबानपेक्षा सरस ठरली. त्यामुळे "रक्ततपासणीची कटकट नको, नवी गोळी द्या" असं म्हणणाऱ्याला मी आधी झडपेचं विचारतो. धातूची झडप असेल त्यालाही तेच लागू.

हृदयाचा स्नायू जाड झालेला, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी हा आजार असेल तरीही एएफ असताना गोळी चालूच ठेवतात. आणि ज्यांच्या अंगावरून एकदा वारं गेलेलं आहे, किंवा बोलणं अडखळून, हात लुळा पडून तासाभरात आपोआप बरं झालेलं आहे, त्यांनी गोळी थांबवण्याचा विषय स्वतःहून काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुन्हा होण्याचा धोका त्यांनाच सर्वांत जास्त असतो.

पहिले दोन-तीन महिने प्रश्नच नाही

ॲब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून नळ्या हृदयात नेतात आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती ऊतक जाळतात, गोठवतात किंवा हल्लीच्या नव्या पद्धतीत विजेच्या सूक्ष्म झटक्यांनी निकामी करतात. १९९८ साली फ्रान्समध्ये बोर्डो इथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की एएफ पेटवणारे ठोके बहुधा या शिरांतूनच निघतात. तिथून हे तंत्र रुळलं. पण याचा अर्थ असा की उपचारानंतर हृदयाच्या आत ताज्या जखमा असतात आणि वरचा कप्पा काही आठवडे नीट आकुंचन पावत नाही. गुठळीला ही दोन्ही निमंत्रणं. म्हणून धोका कितीही कमी असला तरी युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना किमान २ महिने, तर अमेरिकेच्या २०२३ च्या सूचना किमान ३ महिने गोळी घ्यायला सांगतात. या काळात एक दिवसही खाडा नको. गावाला पालखी आहे, शिमगा आहे, स्ट्रिप मुंबईच्या घरी राहिली, ही कारणं मी ऐकतो. नव्या गोळ्यांचा परिणाम दिवसाभरात उतरतो, म्हणून दोन दिवसांचा खंड म्हणजे दोन दिवस गोळी नसल्यासारखंच. निघताना आठवड्याची जादा स्ट्रिप बॅगेत टाका.

याच काळात मधूनमधून धडधड होते. त्याने ॲब्लेशन फसलं असं होत नाही. जखमा भरेपर्यंत हृदय चिडलेलं असतं. डॉक्टरांना कळवा, घाबरू नका.

एका गोष्टीला मात्र घाबरा. पहिल्या दोन महिन्यांत ताप, छातीत दुखणं, गिळताना त्रास, किंवा हातपाय-बोलण्यात अचानक फरक, यांतलं काही झालं तर ॲब्लेशन केलेल्या रुग्णालयाला ताबडतोब फोन करा आणि जवळच्या डॉक्टरांना "माझं ॲब्लेशन झालं आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. क्वचित, फारच क्वचित, हृदय आणि अन्ननलिका यांच्यात छिद्र पडतं. पावसाळ्यात इथे ताप म्हटलं की लेप्टो किंवा डेंगीच्याच तपासण्या होतात, आणि तेवढ्यात मोलाचा वेळ जातो. अशा वेळी घशातून दुर्बीण घालून तपासणं धोक्याचं असतं, सीटी स्कॅन करतात. हे तज्ज्ञांना ठाऊक असतं, पण त्यांना ॲब्लेशनचं कळायला हवं.

गुण मोजा

इथे या निर्णयाचं मूळ आहे, म्हणून थोडं थांबू.

हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला एक लहान पिशवी असते. एएफमध्ये तो कप्पा आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरतो आणि त्या पिशवीत रक्त खाडीच्या कोंडीतल्या पाण्यासारखं साचून राहतं. साचलेलं रक्त गोठतं, गुठळी सुटली की मेंदूकडे जाते. साहजिकच वाटतं की थरथर बंद झाली म्हणजे गुठळीही संपली. पण वय, रक्तदाब, मधुमेह यांनी तो कप्पा आधीच ताणलेला, आतून खरबरीत झालेला असतो. ठोका सुधारला तरी कप्प्याची ती अवस्था लगेच बदलत नाही. शिवाय या माणसांना पक्षाघात मानेच्या रक्तवाहिनीतून किंवा मेंदूच्या बारीक वाहिन्यांतूनही येऊ शकतो. म्हणून युरोपच्या सूचना सांगतात की दोन महिन्यांनंतर गोळी चालू ठेवायची की नाही हे पक्षाघाताच्या जोखमीच्या गुणांवरून ठरवा, ॲब्लेशन यशस्वी वाटतं का यावरून नव्हे.

गुण असे: हृदय अशक्त होऊन सूज-दम येणं (हार्ट फेल्युअर) १, उच्च रक्तदाब १, मधुमेह १, हार्ट ॲटॅक किंवा पायाच्या रक्तवाहिन्या आखडणं यासारखा रक्तवाहिन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १, वय ७५ किंवा जास्त असेल तर २, आणि आधी पक्षाघात किंवा तात्पुरता झटका आला असेल तर २. रक्तदाब गोळीने ताब्यात आहे म्हणून त्याचा गुण वजा होत नाही. ही पळवाट बरेच जण काढतात.

जुन्या पद्धतीत स्त्रियांना एक गुण आपोआप मिळायचा. युरोपने २०२४ मध्ये तो काढला. त्यामुळे मावशींच्या जुन्या कागदावर ३ आणि नव्या कागदावर २ दिसले तर कुणाची चूक झालेली नाही.

शून्य गुण असलेल्या माणसाची गोळी सुरुवातीच्या महिन्यांनंतर बहुतेक डॉक्टर थांबवतात. २ किंवा जास्त गुण असतील तर सूचना आजही गोळी चालू ठेवायला सांगतात. १ असेल तर ते दोघांनी बसून ठरवायचं. समजा मालवणकडचे ५८ वर्षांचे काका, फक्त रक्तदाब: गुण १. त्यांच्या शेजारच्या ७६ वर्षांच्या आजी, रक्तदाब आणि साखर: गुण ४. दोघांचं ॲब्लेशन एकाच दिवशी, एकाच डॉक्टरांनी केलेलं असलं आणि दोघांनाही आज सारखंच ठणठणीत वाटत असलं, तरी उत्तरं वेगळी येणार. "त्यांची बंद झाली, मग माझी का नाही" याला काउंटरवर माझं उत्तर हेच असतं.

ठोका खरंच जागेवर आहे का

एएफ गुपचूप चालू राहू शकतो. ॲब्लेशननंतर तर पूर्वी धडधड जाणवणाऱ्यांनाही झटके आलेले कळत नाहीत असं घडतं. म्हणून "मला काही जाणवत नाही" हा पुरावा कच्चा. दवाखान्यातला ईसीजी काही सेकंदांचा असतो. अंगाला लावून चोवीस तास ईसीजी टिपणारं होल्टर त्याहून बरं, पण महिन्यातून एकदा येणारा झटका त्यातूनही निसटतो. सात किंवा चौदा दिवस छातीवर चिकटवायचा पॅच मिळाला तर तो अधिक सांगतो. कुणाला कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर सुचवतात. तो सगळ्यांत खात्रीचा, आणि सगळ्यांत महागही.

मुंबईच्या मुलाने घड्याळ पाठवलं असेल तर त्याचा उपयोग करा. ईसीजी काढणारं असेल तर धडधडीच्या वेळी एक पट्टी काढून जपून ठेवायची. नुसती नाडी मोजणाऱ्या घड्याळाने दिलेला इशारा हा इशाराच असतो, निदान नव्हे. घड्याळ नसेल तरी मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट बोटांनी पाहायची सवय लावा, आठवड्यातून एकदा, आणि बीपी मोजता त्याच वहीत लिहा. ठोके एकसारखे की आडवेतिडवे, एवढंच. इथली आरोग्यसेविका किंवा आशाताई ते पाच मिनिटांत शिकवतील.

घड्याळात झटका दिसला की तेवढ्यापुरती गोळी, एरवी नाही, अशीही कल्पना आहे. तिच्यावर अमेरिकेत रिॲक्ट-एएफ नावाची चाचणी चालू आहे. तिचे निकाल येईपर्यंत आपण घरी हा प्रयोग करू नये.

२०२५ मध्ये काय कळलं

दक्षिण कोरियातल्या अलोन-एएफ या अभ्यासात ८४० माणसं होती. सगळ्यांच्या ॲब्लेशनला किमान एक वर्ष उलटलेलं, मध्ये एएफ परत दिसलेला नाही, आणि जोखमीचं निदान एक कारण असलेलं. चिठ्ठी टाकून निम्म्यांची गोळी थांबवली. दोन वर्षांत पक्षाघात, इतरत्र गुठळी किंवा मोठा रक्तस्राव मिळून थांबवलेल्यांत ०.३ टक्के, चालू ठेवलेल्यांत २.२ टक्के. फरक मुख्यतः रक्तस्रावाचा.

दुसरा ओशन. त्यात सुमारे १,२८० जण, पुन्हा किमान एक वर्ष ठोका नीट असलेले. निम्म्यांना रिव्हारॉक्साबान १५ मिलिग्रॅम, निम्म्यांना ॲस्पिरिन, तीन वर्षं. पक्षाघात, इतरत्र गुठळी आणि एमआरआयमध्येच दिसणारे, लक्षणं न देणारे नवे मूक पक्षाघात मिळून पहिल्या गटात ५ जणांना, दुसऱ्यात ९ जणांना; हा फरक योगायोगाचा असू शकतो इतका लहान. रक्तस्राव मात्र रिव्हारॉक्साबानवर जास्त.

हे आकडे वाचून उडी मारण्याआधी एकदा आपल्याकडे पाहा. दोन्हीकडे वर्षभर ठोका नीट राहिलेली माणसं होती. चार महिन्यांपूर्वी ॲब्लेशन झालेला माणूस त्यात बसत नाही. त्यांचे गुण, जुन्या पद्धतीने, सरासरी २ च्या आसपास होते. शेजारच्या आजींसारख्या ४ गुणांच्या माणसाला या निकालाचा आधार घेता येत नाही, आणि पक्षाघात होऊन गेलेल्याला तर नाहीच. आणि ओशनमुळे "गोळीऐवजी ॲस्पिरिन" असा निष्कर्ष काढू नये. एएफच्या पक्षाघाताला ॲस्पिरिन फारसं अडवत नाही आणि रक्तस्राव मात्र करतं, हे पूर्वीपासून माहीत आहे. थांबवायची तर थांबवा. मनाच्या समाधानासाठी इकोस्प्रिन सुरू करणं मला पटत नाही.

माझं वाचन असं: वर्ष पूर्ण झालेलं, चांगल्या देखरेखीत ठोका स्थिर दिसलेला, गुण १ किंवा २, आणि रक्तस्रावाची भीती खरी असलेला माणूस आता डॉक्टरांसमोर हा प्रश्न ठामपणे मांडू शकतो. २०२५ च्या आधी तसं नव्हतं.

रक्तस्रावाच्या बाजूला काय मांडायचं

आधी जे दुरुस्त करता येतं ते दुरुस्त करा. वरचा रक्तदाब १६० च्या पुढे राहतो का? दारू चालू आहे का? गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आपल्या आपण घेता का? या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होतो, वरून रक्त पातळ, मग काळी शौच, मग भीती, आणि शेवटी दोष जातो हृदयाच्या गोळीवर. आंब्याच्या हंगामात पेट्या उचलून पाठ धरली की दुकानात याच गोळ्यांची मागणी होते. पॅरासिटामॉलवर भागवा. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचं कारण शोधा. नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन ते झाकू नका.

पावसाळ्यात गजकर्ण आलं की त्वचेचे डॉक्टर इट्राकोनाझोल देतात. हे औषध रिव्हारॉक्साबान आणि ॲपिक्साबानची रक्तातली पातळी चढवतं. ॲसिट्रॉमवाल्यांना फ्लुकोनाझोल तसंच घातक, आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा तपासणीचा आकडा) भराभर वाढतो. उलट क्षयाचं रिफाम्पिसिन आणि फिटचं फेनिटॉइन नव्या गोळ्यांचा असर उतरवतात. कुणी आपणहून विचारत नाही, म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे आधी सांगा. काढे, भस्मं चालू असतील तर तेही.

मग आपल्या भागाचं आपलं असं काही. नारळ-सुपारीवर चढणारा, कौलं परतायला छपरावर जाणारा, ट्रॉलरवर दिवसचे दिवस समुद्रात असणारा माणूस पडला, डोक्याला लागलं, तर सीटी स्कॅनपर्यंत पोहोचायला तास जातात. कामाचं स्वरूप डॉक्टरांना सांगा. शहरातल्या ओपीडीत ते कुणाच्या लक्षात येत नाही. लेप्टो, डेंगी, दोडामार्गाकडे माकडताप: या तापांत प्लेटलेट उतरतात, रक्तस्राव होतो. गोळी चालू असताना ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रक्त तपासा, आणि गोळी तात्पुरती थांबवायची का ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. फुरसं चावलं तर त्याचं विषही रक्त गोठू देत नाही. रुग्णालयात रक्त गोठतं का ते काचेच्या नळीत पाहून विषावरची लस ठरवतात. गोळीमुळे ती चाचणी फसू शकते, म्हणून गोळीचं नाव सोबत गेलेल्या माणसाने सांगितलंच पाहिजे.

"गाव आडवळणाला आहे म्हणून गोळी नको" असं मात्र मी म्हणणार नाही. तो मुद्दा दोन्हीकडून कापतो. पक्षाघात झाला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि करूळ किंवा आंबोलीचा घाट बंद असताना ते तास कसे जातात ते इथल्या माणसाला सांगायला नको.

गोळी लागते पण सोसत नाही अशांसाठी तिसरी वाटही आहे. हृदयातल्या त्या पिशवीचं तोंड एका छोट्या उपकरणाने बंद करतात. २०२४ च्या ऑप्शन या १,६०० जणांच्या अभ्यासात ॲब्लेशन झालेल्यांमध्ये हे उपकरण पक्षाघात आणि मृत्यूच्या बाबतीत गोळीपेक्षा कमी पडलं नाही आणि नंतरचा रक्तस्राव बराच कमी झाला. खर्च मोठा आहे, आणि ते बसवतानाचे धोके वेगळे.

भेटीला जाताना

ॲब्लेशनचं डिस्चार्ज कार्ड, त्याआधीचा आणि शेवटचा टू-डी एको (त्यात डाव्या वरच्या कप्प्याचा आकार असतो), होल्टरचे रिपोर्ट, नाडी-बीपीची वही, सहा महिन्यांच्या आतलं हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन, आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत. फोटो नकोत, प्रत्यक्ष स्ट्रिपा. मुलाच्या फोनमध्ये रिपोर्ट आणि मुलगा ऑफिसात, असं होऊ देऊ नका.

विचारायचं ते मोजकं. माझे गुण किती? ठोका परत आला नाही हे कशावरून म्हणता, आणि आणखी मोठं मॉनिटरिंग करावं का? गोळी थांबवली तर वर्षाला पक्षाघाताचा अंदाज काय, चालू ठेवली तर मोठ्या रक्तस्रावाचा काय? थांबवली तर परत कधी तपासायचं, आणि कशावरून परत सुरू करायची? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. ते उत्तर नसताना थांबवलेली गोळी कायमची विसरली जाते. खर्चामुळे थांबवावीशी वाटत असेल तर तेही मोकळेपणाने सांगा, लाजू नका. स्वस्त जेनेरिक बहुतेकदा निघतं.

स्वतःच्या मनालाही एक विचारा: लुळं पडून अंथरुणावर राहण्याची भीती मोठी, की रक्तस्रावाची? काहींना पहिली झोपू देत नाही, काहींना दुसरी. गुण १-२ असणाऱ्यांच्या बाबतीत चांगला डॉक्टर हे विचारतो.

थांबवली तर

नव्या गोळ्या हळूहळू कमी करत आणायच्या नसतात. ठरलेल्या दिवशी थांबतात. एक दिवसाआड किंवा अर्धी गोळी, हा मधला मार्ग दिसायला शहाणपणाचा असला तरी त्यात संरक्षण मिळत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र राहतो. उरलेली स्ट्रिप पाहुण्याला देऊ नका.

थांबवल्याची तारीख वहीत. पुढे सहा महिन्यांनी, मग वर्षाला होल्टर किंवा पॅच, जसं सांगतील तसं. आणि आयुष्यात काही बदललं की फाइल पुन्हा उघडायची: साखर निघाली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, हार्ट ॲटॅक आला, ६५ वा किंवा ७५ वा वाढदिवस झाला. गुण वाढतात, कुणी फोन करून कळवत नाही. घड्याळात किंवा ईसीजीत एएफ परत दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

चालू राहिली तर

बऱ्याच जणांचं उत्तर हेच येईल, आणि त्यात हरल्यासारखं काही नाही. पण मग नीट घ्या.

रिव्हारॉक्साबान १५ किंवा २० मिलिग्रॅम भरल्या पोटी, नाहीतर ती पुरती शोषली जात नाही. श्रावणी सोमवारी, चतुर्थीला फराळ करून त्याच्यावर घ्या. निर्जळी उपास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. ॲपिक्साबान दिवसातून दोनदा. संध्याकाळची विसरते ती हीच. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून घ्यायची नाही आणि ती ओल सोसत नाही: इथल्या पावसाळी हवेत ती पाकिटातून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवली तर खराब होते. पाकीट घ्यायच्या क्षणीच फोडा. ॲसिट्रॉमवर असाल तर आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवा (धातूची झडप असेल तर डॉक्टर सांगतील तेवढा) आणि पालेभाजीचं प्रमाण सारखं ठेवा. पावसाळा सुरू झाला की टाकळा, अळू, शेवग्याचा पाला रोज आणि नंतर महिनाभर काहीच नाही, असं केलं की आयएनआर वरखाली होतो. भाजी सोडायची गरज नाही.

नव्या गोळ्यांचा डोस मूत्रपिंडावर अवलंबून असतो. वर्षातून एकदा क्रिएटिनिन कराच. मूत्रपिंड अधू असेल तर क्रिएटिनिन क्लिअरन्सच्या (मूत्रपिंड किती काम करतं त्याच्या) आकड्याला १० ने भागून येतील तितक्या महिन्यांनी. ॲपिक्साबानचा कमी डोस ८० वर्षं किंवा जास्त वय, ६० किलो किंवा कमी वजन, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी असतील तरच. "वयस्कर आहेत, लहान गोळी द्या" असं घरच्यांनी सांगून डोस बदलायचा नसतो.

दात काढायचा असेल, मोतीबिंदू असेल तर बहुधा गोळी थांबवावी लागत नाही किंवा एखादाच डोस टाळतात. आठ दिवस आधी बंद करा असं कुणी सांगितलं तर हृदयाच्या डॉक्टरांना एक फोन करून खात्री करा.

गोळी थांबवलेली असो की चालू, घरातल्या सगळ्यांना एवढं पाठ हवं: चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात उचलता येईना, बोलणं बोबडं झालं, तर तेल चोळत बसू नका, तोंडात ॲस्पिरिनही देऊ नका, कारण तो रक्तस्रावही असू शकतो. लक्षणं किती वाजता सुरू झाली ते घड्याळात बघा आणि १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं ते आजच विचारून ठेवा. शेवटची गोळी किती वाजता घेतली, किंवा गोळी कोणत्या तारखेला बंद केली, हे कागदावर लिहून रुग्णाच्या सोबत द्या. इंजेक्शन द्यायचं की नाही हे तिथले डॉक्टर त्यावरून ठरवतात.